एलएल.एम.ला बिझनेस लॉ : तीच कलमे पुन्हा कशासाठी वाचायची?

वाचकाचे पत्र (थोडक्यात) : मी कला शाखेची पदवी घेऊन नंतर तीन वर्षांची एलएल.बी. केली. दोन वर्षे एका ज्येष्ठ वकिलांच्या हाताखाली दिवाणी न्यायालयात काम केल्यावर एक वर्षाच्या एलएल.एम.ला प्रवेश घेतला आणि विशेष विषय म्हणून बिझनेस लॉ निवडला. करार, कंपनी कायदा, लवाद असे एलएल.बी.ला झालेलेच विषय पुन्हा समोर आले आहेत. वर्गात सी.ए. आणि सी.एस. (कंपनी सेक्रेटरी) झालेले विद्यार्थी आहेत. ते ताळेबंदावर बोलू लागले की मी गप्प बसते. ‘भारतातील कॉर्पोरेट गव्हर्नन्स : एक चिकित्सक अभ्यास’ हा कंपन्यांचा कारभार कसा चालावा याविषयीचा माझा प्रबंधाचा विषय मार्गदर्शकांनी ‘फार मोठा’ एवढाच शेरा मारून परत केला. या पदवीने नेमके मिळणार काय, असे घरचे विचारतात. विषय बदलून घटनात्मक कायदा घ्यावा का?

उत्तर :

विषय बदलण्याचा प्रश्न आधी निकालात काढू, कारण त्याला मुदत असते. घटनात्मक कायद्याची ओढ तुम्हाला पूर्वीपासून असती, तर माझे उत्तर कदाचित वेगळे आले असते. परंतु तुमच्या पत्रात त्या विषयाबद्दल एकही वाक्य नाही. जे आहे ते बिझनेस लॉच्या वर्गात वाटणाऱ्या अवघडलेपणाबद्दल आहे, आणि केवळ तेवढ्यासाठी विषय सोडणे मला योग्य वाटत नाही. शिवाय या दोन विषयांच्या सीमा अभ्यासक्रमाच्या तक्त्यात दिसतात तेवढ्या पक्क्या नाहीत. २०१६ च्या नादारी व दिवाळखोरी संहितेने, म्हणजे आयबीसीने, वित्तीय धनको आणि व्यवहारी धनको असा भेद केला. कर्ज देणाऱ्या बँकेला, बुडीत कंपनीचे पुढे काय करायचे ते ठरवणाऱ्या धनकोंच्या समितीत मताधिकार दिला आणि माल पुरवून पैसे थकलेल्या पुरवठादाराला सर्वसाधारणपणे तो दिला नाही. हा भेद राज्यघटनेच्या समानतेविषयीच्या अनुच्छेद १४ च्या कसोटीवर टिकतो का, हा ‘स्विस रिबन्स’ खटल्यातील एक मुख्य मुद्दा होता, आणि तो टिकतो असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये ठरवले. हा निकाल कोणत्या विषयाच्या कपाटात ठेवावा, हे ग्रंथपालाने ठरवावे. एक वर्षाच्या एलएल.एम.साठी विद्यापीठ अनुदान आयोगाने आखून दिलेल्या चौकटीत तुलनात्मक सार्वजनिक कायद्याची अनिवार्य पत्रिका आहेच, तेव्हा तो धागा तुमच्या हातून पूर्णपणे सुटणारही नाही.

आता तुमच्या मुख्य तक्रारीकडे वळतो, कारण मला तीच सर्वांत महत्त्वाची वाटते. कलमे तीच आहेत, हे तुमचे निरीक्षण खरे आहे. एलएल.बी.ला त्या कलमाचा अर्थ काय आणि दिलेल्या उदाहरणाला ते कसे लागू होते, एवढे विचारले जाते. एलएल.एम.ला त्याच्या पुढचा प्रश्न अपेक्षित असतो : व्यवहार फसला तर नुकसान कोणी सोसायचे, कायद्याने तो भार त्याच पक्षावर का टाकला, आणि दुसऱ्या पक्षावर टाकला असता तर लोकांनी आपले करार कसे वेगळे लिहिले असते? हा प्रश्न हाती धरून वाचले, तर झालेला अभ्यासही नवा वाटू लागतो. न धरता वाचले, तर तुम्ही म्हणता तसे सगळे पुनरावृत्तीसारखेच वाटणार, आणि दुर्दैवाने अनेक वर्गांत ते तसेच शिकवलेही जाते.

तुम्ही दिवाणी न्यायालयात काम केले आहे, म्हणून उदाहरणासाठी भारतीय करार कायद्याचे, म्हणजे १८७२ च्या कायद्याचे, कलम ७४ घेतो. करार मोडल्यास अमुक रक्कम द्यावी लागेल, असे करारातच लिहून ठेवलेले असेल, तर प्रत्यक्ष नुकसान सिद्ध झालेले असो वा नसो, त्या रकमेच्या मर्यादेत वाजवी भरपाई मिळते, हे तुम्हाला तोंडपाठ असेल. ठरीव नुकसानभरपाई (नुकसानीचा आधीच केलेला अंदाज) आणि दंड (धाकासाठी ठेवलेली रक्कम) यांत इंग्लिश कायदा जो बारीक भेद करत होता, तो या कलमाने आपल्याकडे काढून टाकला, असे सर्वोच्च न्यायालयाने ‘फतेहचंद विरुद्ध बालकिशन दास’ या १९६३ च्या निकालात सांगितले, हेही तुम्ही परीक्षेत लिहिले असेल. एलएल.बी.चे उत्तर साधारण इथेच संपते.

यानंतरचे दोन निकाल एकापुढे एक ठेवून वाचा. ‘ओएनजीसी विरुद्ध सॉ पाइप्स’ (२००३) या प्रकरणात पाइपांचा पुरवठा उशिरा झाला, कारण युरोपातील पोलाद कामगारांच्या संपामुळे कच्चा माल वेळेवर मिळाला नव्हता. ओएनजीसीने करारातील तरतुदीप्रमाणे पुरवठादाराच्या बिलातून रक्कम कापून घेतली. नुकसान झाल्याचे ओएनजीसीने सिद्ध केले नाही, म्हणून ही कपात चुकीची, असे लवादाने म्हटले होते. सर्वोच्च न्यायालयाने मात्र लवादाचा निवाडा रद्द केला. दोन व्यापारी पक्षांनी नुकसानीचा प्रामाणिक पूर्वअंदाज म्हणून एक रक्कम ठरवली आहे, तेव्हा ती रक्कम अवाजवी आहे हे दाखवण्याचा भार ती देणाऱ्यावर राहील, असा त्या निकालाचा रोख आहे. बारा वर्षांनी आलेल्या ‘कैलाश नाथ असोसिएट्स विरुद्ध दिल्ली विकास प्राधिकरण’ (२०१५) या निकालातील घटनाक्रम वेगळा होता. लिलावात सर्वाधिक बोली लावणाऱ्या कंपनीने ३ कोटी १२ लाखांच्या बोलीपैकी पाव हिस्सा, म्हणजे ७८ लाख रुपये, अनामत म्हणून भरले होते. उरलेली रक्कम भरण्याच्या मुदतीवरून वर्षानुवर्षे पत्रव्यवहार चालला, शेवटी प्राधिकरणाने अनामत जप्त केली आणि तोच भूखंड पुन्हा लिलावात काढून ११ कोटी ७८ लाखांना विकला. ज्याला तोटा झालाच नाही, उलट कितीतरी अधिक पैसे मिळाले, त्याला ‘भरपाई’ कसली द्यायची, या मुद्द्यावर न्यायालयाने अनामत व्याजासह परत करायला लावली. नुकसान मोजणे अशक्य किंवा अवघड असेल तेव्हा पुराव्याची अट सैल होते. परंतु नुकसान झालेलेच नसेल तर कलम ७४ मदतीला येत नाही, असे या निकालाने स्पष्ट केले.

या दोन निकालांचा मेळ कसा घालायचा, हा एलएल.एम.चा प्रश्न आहे. ‘दोन्ही निकाल आपापल्या वस्तुस्थितीवर बरोबर आहेत’ हे उत्तर खोटे नाही, पण आळशी आहे. पुरवठ्याच्या करारात उशिराचा परिणाम एका कामावरून दुसऱ्यावर, दुसऱ्यावरून तिसऱ्यावर जातो आणि रुपयांत मांडता येत नाही, म्हणूनच पक्ष आधीच आकडा ठरवून मोकळे होतात. भूखंड मात्र पुन्हा विकला की नफा किंवा तोटा थेट कागदावर दिसतो. मग पुराव्याचा भार करारात काय लिहिले आहे यावर ठरावा, की करार कोणत्या वस्तूचा आहे यावर? आणि आकडा आधी ठरवण्याचा हेतूच जर पुढचा वाद व पुराव्याचा खर्च टाळणे हा असेल, तर न्यायालयाने नंतर पुरावा मागणे म्हणजे पक्षांनी पैसे मोजून विकत घेतलेली निश्चिती काढून घेणे ठरत नाही का? माझा स्वतःचा कल या दुसऱ्या आक्षेपाकडे आहे, परंतु विरुद्ध बाजूही तेवढीच भक्कम मांडता येते, आणि सेमिनारमध्ये तुम्ही ती मांडून पाहावी असे मी सुचवेन.

याच ठिकाणी तुलनात्मक कायदा खरोखर उपयोगी पडतो. इंग्लंडमध्ये १९१५ च्या ‘डनलॉप’ निकालापासून ‘प्रामाणिक पूर्वअंदाज की धाक दाखवण्यासाठी ठेवलेला दंड’ ही कसोटी शंभर वर्षे चालली. २०१५ मध्ये ‘कॅव्हेंडिश विरुद्ध मकदेसी’ या निकालात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने रोख बदलला : करार पाळला जावा यात त्या पक्षाचे काही रास्त हितसंबंध आहेत का, आणि ठरवलेला भुर्दंड त्या हितसंबंधांच्या मानाने पार बेसुमार आहे का, एवढेच पाहायचे. फ्रेंच दिवाणी संहितेने ही रक्कम उघडउघड अवाजवी असेल तर ती कमी करण्याचा अधिकार न्यायाधीशाला दिला आहे. जर्मनीची व्यवस्था मला सर्वांत बोधक वाटते. तिथल्या दिवाणी संहितेचे कलम ३४३ न्यायालयाला दंड कमी करू देते, पण व्यापारी संहितेचे कलम ३४८ सांगते की व्यापाऱ्याने आपल्या व्यवसायात कबूल केलेला दंड त्या आधारे कमी करता येणार नाही. सामान्य माणसाला संरक्षण मिळते. व्यापाऱ्याने मात्र सही करण्यापूर्वी विचार केला आहे असे गृहीत धरले जाते. आपल्या कलम ७४ मध्ये असा फरक नाही. घर विकत घेणारा शिक्षक आणि रिफायनरी बांधणारी कंपनी दोघांना एकच वाक्य लागू होते. तो फरक असावा का, या एका प्रश्नावर पूर्ण सत्र चर्चा करता येईल, आणि बिझनेस लॉ हा कराराच्या सर्वसाधारण कायद्याहून वेगळा विषय म्हणून का शिकवायचा याचे एक उत्तरही त्या चर्चेतून मिळेल.

हे वाचून झाल्यावर एखाद्या मोठ्या पुरवठा किंवा बांधकाम कराराचा नमुना घ्या. सार्वजनिक निविदांबरोबर असे मसुदे सहज मिळतात. उशिरासाठी दर आठवड्याला अर्धा टक्का, पण एकूण कमाल दहा टक्के, अशी रचना त्यांत अनेकदा दिसेल, आणि शेजारीच ‘ही रक्कम नुकसानीचा प्रामाणिक पूर्वअंदाज असून दंड नव्हे, हे उभय पक्षांस मान्य आहे’ अशा अर्थाचे वाक्य सापडेल. इंग्लिश कसोटी आपल्याकडे १९६३ सालीच बाजूला ठेवली गेली असताना मसुदा करणारे हे वाक्य आजही का लिहितात, याचे उत्तर सॉ पाइप्समध्ये आहे. तेच कलम आधी खरेदीदाराच्या बाजूने आणि मग पुरवठादाराच्या बाजूने पुन्हा लिहून पाहा. दहा टक्क्यांच्या मर्यादेचे स्वागत पुरवठादार का करतो, हे निकाल वाचून जेवढे कळते त्याहून अधिक या एका सरावात कळेल.

कंपनी कायदाही याच नजरेने पुन्हा वाचा. ‘सॅलोमन विरुद्ध सॅलोमन अँड कंपनी’ हा १८९७ च्या लॉ रिपोर्टमध्ये प्रसिद्ध झालेला हाउस ऑफ लॉर्ड्सचा, म्हणजे तेव्हाच्या ब्रिटनमधील सर्वोच्च न्यायपीठाचा, निकाल, कंपनी ही तिच्या भागधारकांहून वेगळी व्यक्ती आहे, या एका ओळीसाठी सगळे पाठ करतात. त्या खटल्यात बुटांच्या धंद्यातल्या सॅलोमनने आपला धंदा आपणच स्थापन केलेल्या कंपनीला विकला. सात भागधारक म्हणजे तो, त्याची पत्नी आणि पाच मुले. २०,००१ शेअर त्याच्याकडे आणि बाकी सहा जणांकडे प्रत्येकी एक. शिवाय विक्रीच्या किमतीपैकी १०,००० पौंडांचे डिबेंचर (कर्जरोखे) त्याने स्वतःच्या नावे घेतले होते, त्यामुळे कंपनी बुडाली तेव्हा भागधारक असूनही तो तारणधारक धनको म्हणून रांगेत पुढे उभा राहिला आणि उधारीवर माल देणाऱ्यांच्या हाती काही लागले नाही. आता त्या पुरवठादारांच्या जागी बसून विचार करा. कंपनी मर्यादित जबाबदारीची आहे हे माहीत असलेला पुरवठादार किंमत वाढवू शकतो, आगाऊ पैसे मागू शकतो, मालकाची वैयक्तिक हमी घेऊ शकतो. पण कारखान्यातील अपघातात जखमी झालेल्या माणसाने कंपनीशी वाटाघाटी करून अपघात ओढवून घेतलेला नसतो. मर्यादित जबाबदारीचे समर्थन या दोघांबाबत सारखे लागू पडते का? आणि आपल्याकडे बँका प्रवर्तकाकडून वैयक्तिक हमी लिहून घेतातच, तेव्हा त्यांच्यापुरता कंपनी आणि मालक यांना वेगळे ठेवणारा ‘कंपनीचा पडदा’ पहिल्या दिवसापासून उचललेला असतो. अशा हमीदारांवर आयबीसीखाली कारवाई करण्याची तरतूद २०१९ च्या अधिसूचनेने अमलात आली आणि सर्वोच्च न्यायालयाने ‘ललितकुमार जैन’ प्रकरणात २०२१ मध्ये ती वैध ठरवली. म्हणजे मर्यादित जबाबदारीचा पूर्ण फायदा शेवटी कोणाला मिळतो आणि कोणापुढे ती कागदावरच राहते, याचे उत्तर एकट्या कंपनी कायद्यात सापडत नाही. त्यासाठी कर्जाचे दस्तऐवज वाचावे लागतात.

ताळेबंदाबाबतची तुमची भीती मला समजते, पण तिचा आकार तुम्ही फार वाढवला आहे. हिशेब तयार करायला शिकण्याची तुम्हाला गरज नाही. वकिलाला जे हवे असते ते बहुधा ताळेबंदाच्या दोन बाजूंपेक्षा त्यानंतरच्या टिपांमध्ये आणि लेखापरीक्षकाच्या अहवालात असते : कोणती मालमत्ता कोणाकडे तारण आहे, प्रवर्तकांच्या इतर कंपन्यांशी कोणते व्यवहार झाले, आणि आकस्मिक देणी किती आहेत. समजा, कर खात्याने काढलेली मोठी मागणी अपिलात अडकली आहे. ती ताळेबंदात देणे म्हणून दिसेलच असे नाही, टिपेत एका ओळीत मात्र सापडेल; कंपनी विकत घेणाऱ्याच्या वकिलाने ती ओळ वाचली असेल तर करारात त्या मागणीपुरती स्वतंत्र इंडेम्निटी (नुकसान भरून देण्याची हमी) येते, वाचली नसेल तर येत नाही. शेअर बाजारात सूचीबद्ध असलेल्या एखाद्या कंपनीचा वार्षिक अहवाल घेऊन फक्त टिपा वाचा, आणि प्रत्येक टिपेपुढे ‘यातून कोणते कलम लिहावे लागेल?’ एवढे लिहीत जा. असे दोन-तीन अहवाल झाले की वर्गात गप्प बसण्याचे कारण उरणार नाही, आणि उरलेच तर शेजारच्या सी.ए. मित्राला सरळ विचारा. त्यालाही निकालपत्र कसे वाचायचे हे तुमच्याकडून शिकायचे असते, फक्त तो तसे म्हणत नाही.

आकडे आणि कायदा किती जवळचे आहेत, याचे याहून चांगले उदाहरण आयबीसीच्या इतिहासात आहे. १९८५ च्या आजारी उद्योगांविषयीच्या कायद्यात कंपनी ‘आजारी’ ठरण्यासाठी तिचा संचित तोटा तिच्या संपूर्ण नक्त मालमत्तेइतका किंवा त्याहून अधिक व्हावा लागे. म्हणजे दारात मदत येईपर्यंत वाचवण्यासारखे फारसे काही शिल्लकच नसे. २०१६ च्या संहितेने नक्त मालमत्तेचा निकष सोडून थकबाकी हा निकष धरला : देय तारखेला पैसे दिले नाहीत, एवढे पुरे. थकबाकीची किमान मर्यादा आधी एक लाख रुपये होती, ती मार्च २०२० मध्ये एक कोटी केली गेली, आणि त्या एका अधिसूचनेने असंख्य छोट्या पुरवठादारांच्या हातातले दबावाचे हत्यार गेले. ताळेबंदातील कोणत्या ओळीला कायद्याने महत्त्व द्यायचे, हे बदलले की कोण न्यायाधिकरणाचे दार ठोठावू शकतो हेही बदलते.

प्रबंधाच्या बाबतीत तुमच्या मार्गदर्शकांशी मी सहमत आहे. फक्त त्यांनी शेऱ्याला दोन ओळींचे स्पष्टीकरण जोडायला हवे होते. ‘भारतातील अमुक : एक चिकित्सक अभ्यास’ अशा शीर्षकांनी विद्यापीठांच्या ग्रंथालयांची कपाटे भरलेली आहेत, आणि त्यांतल्या बहुतेकांची पहिली तीन प्रकरणे एकमेकांच्या जागी ठेवली तरी कोणाच्या लक्षात येणार नाही. अडचण आकारापेक्षाही अशी आहे, की त्या शीर्षकात प्रश्न नाही. कॉर्पोरेट गव्हर्नन्समधलेच काही घ्यायचे असेल तर एक घटना समोर ठेवा. सत्यम या सॉफ्टवेअर कंपनीच्या संचालक मंडळाने डिसेंबर २००८ मध्ये अध्यक्षांच्या कुटुंबाशी संबंधित दोन कंपन्या विकत घेण्यास मंजुरी दिली, तेव्हा त्या मंडळात नामवंत स्वतंत्र संचालक होते. गुंतवणूकदारांच्या संतापामुळे तो व्यवहार लगेच मागे घ्यावा लागला. ७ जानेवारी २००९ रोजी अध्यक्षांनी पत्र लिहून कबुली दिली, की ताळेबंदात दाखवलेल्या ५,३६१ कोटी रुपयांच्या रोख व बँक शिलकीपैकी ५,०४० कोटी अस्तित्वातच नाहीत. पुढे २०१३ च्या कंपनी कायद्यात स्वतंत्र संचालकांची तपशीलवार तरतूद आली, आणि तिच्यातच कलम १४९(१२) हे संरक्षणही आले : मंडळाच्या कामकाजातून समजू शकणाऱ्या ज्या गोष्टी स्वतंत्र संचालकाच्या माहितीने घडल्या आणि ज्यांत त्याची संमती किंवा संगनमत होते, किंवा जिथे त्याने दक्षता घेतली नाही, तेवढ्यांपुरताच तो जबाबदार. आता प्रश्न असा करता येईल : मंडळाच्या इतिवृत्तात त्याने प्रश्न विचारल्याची किंवा विरोध केल्याची नोंद नसेल, तर त्याने दक्षता घेतली नाही असे मानण्याकडे सेबीचा, म्हणजे शेअर बाजाराच्या नियामक संस्थेचा, आणि न्यायाधिकरणांचा कल आहे का? या प्रश्नाचे उत्तर आदेश वाचून देता येते, आणि ते ‘हो’ किंवा ‘नाही’ असे ठाम असल्यामुळे चुकूही शकते. तुलनेसाठी अमेरिकेतील डेलावेअर राज्याचा कायदा घेता येईल, कारण तिथे दक्षता न घेतल्याबद्दल संचालकांना जबाबदार धरणाऱ्या १९८५ च्या ‘स्मिथ विरुद्ध व्हॅन गॉरकॉम’ निकालानंतर लगेच, १९८६ मध्ये, दक्षतेच्या कर्तव्यातील कसुरीसाठी संचालकांना आर्थिक जबाबदारीतून मुक्त करण्याची मुभा कंपन्यांना दिली गेली.

तरीही, तुमची पार्श्वभूमी पाहता मी तुम्हाला दुसरा विषय सुचवेन. कैलाश नाथ निकालानंतर ठरीव नुकसानभरपाईच्या लवाद निवाड्यांना लवाद कायद्याच्या कलम ३४ खाली आव्हान दिले जाते, तेव्हा उच्च न्यायालये नुकसानीच्या पुराव्याची अपेक्षा कोणत्या प्रकारच्या करारात करतात आणि कोणत्या प्रकारात करत नाहीत? एक किंवा दोन उच्च न्यायालये आणि ठरावीक वर्षे घ्या. प्रत्येक निकालासाठी कराराचा प्रकार, त्या कलमाची शब्दरचना, लवादापुढे कोणता पुरावा होता, निवाडा टिकला की नाही, असा तक्ता करा. दिवाणी न्यायालयात तुम्ही दावे, कैफियती आणि पुरावा हाताळला आहे. निकालपत्रात एका वाक्यात उरकलेला पुरावा प्रत्यक्षात काय असेल, हे वर्गातल्या अनेकांपेक्षा तुम्हाला अधिक चांगले ओळखता येईल. या अभ्यासाची एक मर्यादा मात्र प्रबंधात स्वतःहून लिहा : लवादाचे निवाडे सहसा गोपनीय असतात आणि न्यायालयात आव्हान दिलेलेच आपल्याला दिसतात, त्यामुळे जे वाद निमूटपणे मिटले त्यांच्याबद्दल तुमचा तक्ता काही सांगू शकत नाही. परीक्षक हा मुद्दा काढतातच. तो आधीच नोंदवलेला असला की मौखिक परीक्षेत बचाव करावा लागत नाही.

मार्गदर्शकांकडे पुन्हा जाताना नवे शीर्षक नेण्याऐवजी एका पानावर प्रश्न, तो कोणत्या दोन निकालांच्या ताणातून निर्माण झाला, कोणते साहित्य तपासणार आणि काय तपासणार नाही, एवढे लिहून न्या. शीर्षक त्यांनाच सुचवू द्या. मार्गदर्शकांना ते आवडते.

राहिला घरच्यांचा प्रश्न, आणि तो रास्त आहे. मोठ्या लॉ फर्ममध्ये कंपन्यांच्या खरेदी-विक्रीचे काम करण्यासाठी एलएल.एम. ही अट नाही. तिथली भरती मुख्यत्वे एलएल.बी.नंतर लगेच होते आणि नंतर विचार होतो तो प्रत्यक्ष व्यवहारांच्या अनुभवाचा. केवळ ही पदवी हातात घेऊन तुम्ही त्या दारात गेलात, तर निराशा होण्याचा संभव आहे, हे मी लपवणार नाही. अध्यापनासाठी मात्र ही पदवी लागतेच, आणि तिच्यासोबत सर्वसाधारणपणे ५५ टक्के गुण व नेट किंवा सेट. कंपन्यांचे कायदा विभाग, नियामक संस्था आणि लवादाचे काम करणाऱ्या ज्येष्ठ वकिलांची कार्यालये या ठिकाणी पदवीपेक्षा तुमचे लेखन पाहिले जाते, आणि चांगला प्रबंध हा त्या लेखनाचा नमुना म्हणून दाखवता येतो.

पण तुमच्या बाबतीत आणखी एक वाट आहे, जिचा उल्लेख तुमच्या पत्रात नाही. २०१५ च्या व्यापारी न्यायालये कायद्याखालील वादांची किमान रक्कम सुरुवातीला एक कोटी रुपये होती. २०१८ च्या दुरुस्तीने ती तीन लाखांवर आणली गेली आणि जिल्हा न्यायाधीशाच्या पातळीखालीही व्यापारी न्यायालये नेमण्याचा मार्ग खुला झाला. ज्येष्ठांच्या हाताखाली तुम्ही जे पुरवठ्याच्या थकबाकीचे आणि करारभंगाचे दावे पाहिले असतील, त्यांतले बरेचसे आता या कायद्याखाली येतात, आणि त्यांची शिस्त वेगळी आहे. कैफियत, म्हणजे प्रतिवादीचे लेखी उत्तर, दाखल करण्याची १२० दिवसांची कमाल मुदत न्यायालयालाही वाढवता येत नाही. तातडीचा अंतरिम दिलासा मागायचा नसेल तर कलम १२अ खाली आधी मध्यस्थीकडे जावेच लागते. ही अट सक्तीची असून ती न पाळलेला दावा फेटाळला जाईल, असे सर्वोच्च न्यायालयाने ‘पाटील ऑटोमेशन’ प्रकरणात २०२२ मध्ये सांगितले आहे. कराराचा मसुदा समजणारा, वार्षिक अहवालातल्या टिपा वाचू शकणारा आणि साक्षीपुराव्याची सवय असलेला वकील अशा न्यायालयांत हवाच असतो. सत्र संपण्यापूर्वी तुमच्या जुन्या ज्येष्ठांना भेटा, त्यांच्याकडील व्यापारी दाव्यांच्या फायली पाहू देण्याची विनंती करा, आणि त्यांतल्या किती करारांत ठरीव नुकसानभरपाईचे कलम आहे ते बघा.